जोगळेकर बाईंची घोणस

जोगळेकर बाई सापाला जितक्या भ्यायच्या, तितकं अख्ख्या वेल्हे तालुक्यात कुणी कशालाच भीत नसेल. साप तर लांबच राहिला. फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलेली सायकलची ट्यूब एकदा वाऱ्यानं हलली, तर बाई टेबलावर. चष्मा, पर्स आणि हातातल्या खडूसकट टेबलावर! खाली उतरायला तयारच नाहीत. शेवटी शिपायानं ती ट्यूब सायकलच्या चाकात घातली, हवा भरली आणि बाजारापर्यंत सायकल चालवून परत आणून दाखवली, तेव्हा उतरल्या. आणि उतरल्या उतरल्या मला म्हणतात कशा, "सर, उडी बघितलीत ना? गुडघे बदलायला सांगितलेत मला भोरच्या डॉक्टरांनी. सांगा त्यांना."

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जे सांगणार आहे ते ऐकून लोक म्हणतात, 'बाई मोठ्या धीट असतील.' नव्हत्या हो. धीट माणसानं साप बघितला यात नवल ते काय? धीट माणूस आपल्या कौतुकाकडं बघत असतो. भित्र्या माणसालाच साप नीट दिसतो.

त्या आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. बाईंची उंची एसटीच्या खालच्या पायरीएवढी. आवाज मात्र असा, की आठवीच्या वर्गात त्यांनी "खाली बसा!" म्हटलं की तोरण्याच्या निम्म्यावर चढलेले पुण्याचे ट्रेकिंगवाले जागच्या जागी बसायचे. राहायला भोरात, आणि रोज स्कूटीवरून नसरापूरमार्गे वेल्ह्याला. शाळेतून निघताना त्यांचा एक सोहळा असे. आधी डावी चप्पल जमिनीवर आपटायची, मग उजवी. मग हेल्मेट उलटं करून तीनदा झाडायचं, मग पर्स. आत विंचू नाही याची खात्री झाली की स्कूटीला किक. एकदा त्यांनी पाहुण्या शिक्षणाधिकाऱ्यांचे बूटही सवयीनं आपटून दिले. साहेबांना वाटलं, ही इकडची स्वागताची रीत. पुढच्या शाळेत म्हणे त्यांनी आपणहून बूट काढून पुढं केले.

यातलं 'पुढच्या शाळेत' वगैरे बाईंसमोर म्हणायची सोय नव्हती. लगेच चष्मा नाकावर खाली येणार आणि प्रश्न येणार, "बघितलंत की ऐकलंत?"

हा त्यांचा मंत्र. शाळेतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी हा प्रश्न पाठ झाला होता. आंबवड्याच्या माझ्या मावसभावानं मिशीवाला नाग पाहिल्याची गोष्ट मी एकदा शिक्षकांच्या खोलीत चांगली रंगात आणली होती. नागाच्या मिशीला पीळ द्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात कोपऱ्यातून आलंच, "सर, बघितलंत की ऐकलंत?"

"ऐकलं, बाई."

"मग पोहे खा. गार होतायत."

संपलं. नाग गेला, मिशी गेली, खाली पोहे राहिले. माझ्या किती गोष्टी या बाईंनी अशा पोह्यांत बुडवल्या असतील!

स्वतःचं वेड मात्र त्यांनी जिवापाड सांभाळलं. ते लागलं गप्पी माशांपासून. डेंग्यूच्या साथीत आरोग्य खात्यानं शाळेच्या टाकीत गप्पी मासे सोडले, त्यातले चार बाईंनी बरणीत घालून शिक्षकांच्या खोलीत ठेवले. एका दुपारी मी वह्या तपासत होतो. बाई बरणीला नाक लावून बसलेल्या. अचानक देवळात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "सर, इकडे या. पोटातून कुणीतरी बघतंय."

मी गेलो. मासोळीचं पोट फुगून टम्म झालेलं, आणि शेपटीकडच्या बाजूला एक काळसर डाग. नीट पाहिलं तर डाग नव्हताच तो. मोहरीहून बारीक काळे ठिपके होते, दोन-दोनच्या जोडीनं. डोळे होते. आईच्या कातडीआडून पिल्लांचे डोळे.

"अंडी आहेत ती," बाई म्हणाल्या. "पण ही बाहेर घालत नाही. पोटातच उबवते, पोटातच फोडते. आणि पिल्लू बाहेर पडतं ते पोहतच." आणि परत बरणीला नाक. घंटा झाली, नववीचा तास बुडाला, बाईंना पत्ता नाही. शेवटी अख्खी नववीच रांग लावून बरणीपुढून गेली, काकड आरतीला जावी तशी. आणि पोरांदेखत त्या मासोळीनं एकामागून एक पिल्लं सोडली. काजळाची रेघ ओढावी एवढं एकेक. वर्गात एरवी बाक वाजवणारी ती कार्टी, पण त्या दिवशी श्वाससुद्धा एकाच नाकपुडीनं घेत होती.

तेव्हापासून बाई लग्नात आहेर म्हणून गप्पी मासे द्यायला लागल्या. झाकणाला भोकं पाडलेली बरणी, आत दोन मासोळ्या. "दिवस गेलेल्या आहेत हं," असं नवरीच्या कानात सांगायच्या. भर मांडवात! नवऱ्याकडची मंडळी चपापून नवरीकडं बघायची. आज वेल्ह्यापासून भोरापर्यंत ज्या विहिरीत, ज्या डोणीत गप्पी आहे ती बाईंच्या बरणीतली नात किंवा पणती, असं मी छातीठोक सांगतो. मोजायला कोण जातंय?

मग विंचवीण. आमच्याकडं आया पोरांवर खवळल्या की म्हणतात, "खा मला, विंचवाच्या पिल्लांनो!" कारण सगळ्यांना ठाऊक, की विंचवाची पिल्लं पाठीवर बसून आईला खातात. एकदा खडूच्या खोक्यात पाठभर पांढरी पिल्लं घेतलेली विंचवीण निघाली. शिपाई चप्पल घेऊन धावला. बाई टेबलावर उभ्या होत्या, तिथूनच ओरडल्या, "मारू नका! झाका! काचेखाली झाका!"

ती काच बाईंच्या टेबलापासून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली गेली, आणि बाई रोज तिच्याकडं भिंतीला पाठ घासत, खेकड्यासारख्या आडव्या जात. जात मात्र न चुकता. पिल्लांनी कात टाकली, रंग बदलला, एकेक करून पाठीवरून उतरली आणि आपापल्या कोपऱ्याला लागली. आई ठणठणीत. तिला झुरळ दिलं, ते तिनं फस्त केलं.

"म्हंजी बाई, आमची आय मला उगाच शिव्या देती," एक पोरगा म्हणाला.

"उगाच नाही," बाई म्हणाल्या. "विंचवाचं पिल्लू आईच्या पाठीवरून वेळेवर उतरतं. तू कधी उतरणार?"

आता घोणशीकडं येतो.

त्या मे अखेरीस शाळेला सुट्टी होती. बाईंची जुनी विद्यार्थिनी सुरेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माहेर आमच्याच वाडीत, दगडूतात्यांकडं. बाई तिच्यासाठी आवळ्याचा मोरावळा घेऊन आल्या, आणि वाडीतली कुत्री ओळखीची हवीत म्हणून मला बरोबर घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा घराजवळच्या खाचराच्या कडेला तात्या हातात काड्यापेटी घेऊन उभे होते, आणि त्यांची बायको, आमची काकी, त्यांच्या दंडाला धरून उभी होती.

समोर राब रचलेला होता. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, ज्या तुकड्यात टाकायची तो तुकडा आमच्याकडं आधी भाजून घेतात. शेण, झाडांचं कवळ, पालापाचोळा, पेंढा असे थर रचायचे आणि पाऊस यायच्या आत पेटवायचे. तात्यांचा राब गुडघाभर उंच, कडक वाळलेला. काडी लावायचा अवकाश.

"बाई, लांब ऱ्हावा," तात्या म्हणाले. "आत घोनस हाय. सकाळच्या पारी त्या फरशीवर ऊन खात पडती न् माणूस दिसला की आत जाती. आज राब बी भाजतो न् तिला बी भाजतो."

बाईंनी माझ्या शर्टाची बाही धरली. ती बाही त्या दिवसापासून दुसरीपेक्षा लांब आहे.

तात्यांचा राग वरवरचा नव्हता. याच खाचरात, याच दिवसांत त्यांच्या धाकट्या भावाला, अण्णाला, घोणस चावली होती. त्याला जीपमध्ये घालून पुण्याला निघाले, आणि जीप हमरस्त्याला लागायच्या आतच सगळं आटोपलं. तेव्हापासून तात्यांनी घोणस दिसली आणि सोडली असं झालेलं नव्हतं.

"आवो, पण पोरगी घरात हाय," काकी म्हणाली. "तिचं बाळंतपणाचं न्हाणं होईस्तवर पोटुशी जनावर मारायचं न्हाई. आपल्यात हायेच तसं."

ही गोष्ट खरी. लेक बाळंतपणाला आली, की तात्यांच्या घरात गाभण शेळीला कुणी दावणीवरून ओढत नसे. ओढ्यात खेकडे धरताना पोटाखाली पिल्लं असलेली खेकडी हाताला लागली, तर तात्या "जा बये" म्हणून पाण्यात सोडायचे. खेकड्यांवर जीव टाकणारा माणूस, पण सोडायचा.

"पोटुशी?" तात्या म्हणाले. "अगं, साप कवा पोटुशी असतो व्हय? अंडं घालनारी जात ती. अंडीवाली जात आपन पोटुशी धरत न्हाई. सुरेखी आल्यापासनं कोंबड्या कापल्याच ना? का तुला तवा न्हाई आठवलं न्हाणं?"

काकीनं त्यांचा दंड सोडला. आणि माझ्या बाहीच्या टोकाकडून आवाज आला. बारीक, थरथरता.

"तात्या, घोणस अंडी घालत नाही."

"मंग काय करती?"

"अंडी असतात, पण ती पोटातच ठेवते. तिथंच उबवते. अंडं पोटातच फुटतं आणि बाहेर पिल्लंच येतात. घोणस, फुरसं, झाडावरचा हिरवा चापडा, हे सगळे तसेच. फुगलेली असेल, रोज ऊन खात असेल, तर दिवस भरत आले असतील तिचे."

तात्यांनी काड्यापेटी खाली केली. बाईंकडं पाहिलं. तात्यांची तीन लेकरं बाईंच्या हाताखालून गेलेली. बाईंचा मंत्र त्या घरात चुलीपर्यंत पोचलेला. तात्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, बघितलं का ऐकलं?"

तोरणा किल्ला एकदम माझ्या अंगावर आला असता तरी मी एवढा हबकलो नसतो. मी बाईंकडं पाहिलं. म्हटलं, आता दुसरं कुणी असतं तर सरळ 'बघितलं' म्हणून मोकळं झालं असतं. मी तर मिशीसकट बघितलं असतं.

बाई म्हणाल्या, "वाचलंय."

"म्हंजी ऐकलंच की."

"हो. ऐकलंच."

मग बाईंनी माझी बाही सोडली. "तात्या, मग बघू या ना. मला उद्या दिवस मावळेपर्यंत वेळ द्या. पोटुशी नाही असं दिसलं, तर तुमचं शेत आहे न् तुमचा भाऊ गेलाय. मी मधे येणार नाही."

"आन् वळीव कोसळला तर? राब भिजला की पेटत न्हाई, बाई. राब न्हाई तर तरवा न्हाई. तरवा न्हाई तर वर्सभर हितं काय माती खायची?"

"भिजला, तर तरवा मी आणून देईन. भोरजवळच्या उत्रोलीहून. माझा शब्द."

तात्यांनी आभाळाकडं पाहिलं, मग दारात पोटावर हात धरून उभ्या असलेल्या लेकीकडं. काड्यापेटी कोपरीच्या खिशात गेली. "उद्या दिस मावळंपतुर," ते म्हणाले. "त्याफुडं मी ऐकायचो न्हाई."

भोरात एक सर्पमित्र आहेत, त्यांना बाईंनी फोन लावला. धंद्यानं शिंपी. साप पकडायला म्हणाल तेव्हा हजर, पण ब्लाउज कधी सांगितल्या दिवशी दिला नाही. नेमकी लग्नसराई. शिंपी म्हणाले, उद्या दुपारपर्यंत येतो. म्हणजे संध्याकाळ, हे भोरातल्या कुठल्याही बाईला कळतं.

बाई तात्यांकडंच राहिल्या. सकाळी मी गेलो तर खाचराच्या बांधावर, राबापासून चांगली लांब, प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीवर बाई, पाय वर मांडी घालून. शेजारी दुसऱ्या खुर्चीवर सुरेखा. आणि पलीकडं फरशीवर ती.

आता मी सांगतो म्हणून अर्धं सोडून द्या, तरी उरेल ते पुरे आहे. मुसळाएवढी जाड... बरं, मनगटाएवढी, बाईंनी तिथल्या तिथं दुरुस्त केलं. पाठीवर साखळीसारखे काळ्या काठाचे तपकिरी ठिपके, एकात एक गुंफल्यासारखे. मधल्या अंगाला ती भाकरीच्या उंड्यासारखी पसरली होती, जणू सगळं पोट उन्हाला दाखवायचंय. हालचाल नाही. मी पाऊल पुढं टाकलं तसा आवाज आला. फुस्स नाही हो, कुकरची शिट्टी उडायच्या आधी जो येतो तो, आणि थांबतच नाही. बाई खुर्चीवर उभ्या राहिल्या. मी तर बांधावर होतो तो थेट खालच्या बांधावर.

"हलू नका हो सर," बाई वरून कुजबुजल्या. "तिला ऊन खाऊ द्या. तिच्या हातात दुसरं आहे काय? कोंबडी अंड्यावर बसते. हिला बसता येत नाही, म्हणून ही आपणच कोंबडी न् आपणच खुराडं."

सुरेखानं विचारलं, "बाई, पोटात खायला कसं पोचतं? नाळ असती का?"

"नाही गं. प्रत्येकाला आईनं आधीच डबा भरून दिलेला असतो. अंड्यातला बलक. त्यातच त्यानं भागवायचं. आई फक्त बरोबर घेऊन हिंडते. अंडी कुठंतरी घालून ठेवली, तर मुंगूस खाईल, पाण्यानं कुजतील, थंडीनं गारठतील. म्हणून घर सोडायचं तर घरातल्यांना घेऊनच."

सुरेखा बराच वेळ घोणशीकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला लई भ्या वाटतंय बाई. बाळंतपणाचं."

"मला बघ," बाई म्हणाल्या. खरंच, खुर्चीचे पाय दगडावर टकटक वाजत होते, इतक्या थरथरत होत्या. "भीती जाईल म्हणून बसू नकोस. ती जात नाही. पण तिच्या नादात बघायचं राहून गेलं ना, तर फार वाईट."

दुपारी ढग आले. तोरण्याचं डोकं दिसेनासं झालं. तात्या दर थोड्या वेळानं अंगणात यायचे, आभाळ बघायचे, खिसा चाचपायचे आणि परत आत जायचे. आणि त्या येरझाऱ्या बघून मला कळलं की भाऊ गेला त्या दिवसापासून हा माणूस याच खाचरात उभा आहे.

शिंपी आले ते दिवस कलताना, पावसाच्या तोंडावर. आल्या आल्या लांब आकड्यानं फरशीजवळची घोणस अलगद उचलली. त्या माणसाच्या हाताला कंप म्हणून नाही. बरोबर आणलेल्या पाण्याच्या रिकाम्या जारमध्ये, पारदर्शक, वर भोकं पाडलेल्या, तिला शेपटीकडून सोडली आणि झाकण घट्ट लावलं. जार ओसरीवर ठेवला. तात्या काड्यापेटी घेऊन धावले ते राबाकडं. पहिली काडी वाऱ्यानं गेली, दुसरी पेंढ्याला लागली, धूर निघाला, आणि वळीव कोसळला. हंडे उपडे करावेत तसा. घटकाभरानं पाऊस थांबला, तेव्हा खाचरात राब नव्हता, काला होता.

तात्या ओसरीवर आले, निथळत. कोपऱ्यातली काठी उचलली.

"राब गेला," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "साप ऱ्हायला. आन् दिस मावळला, बाई."

बाई जार आणि तात्या यांच्या मधोमध होत्या. भिंतीला टेकून उभ्या, तोंड पांढरंफटक. मागं घोणस, पुढं काठी. सरकायला जागा नाही, टेबल नाही. त्या बाजूला झाल्या. हो, झाल्या. दिलेला शब्द होता.

"तात्या," सुरेखा म्हणाली. ती जारासमोर जमिनीवर बसलेली होती. "तात्या, थांबा. तिचं पोट बघा."

घोणशीच्या शेपटीकडच्या अंगातून एक लाट सरकत गेली. मग एक पातळ, ओला पडदा बाहेर आला. दहिवर पडलेल्या कोळिष्टकासारखा. पडद्यात काहीतरी गुंडाळलेलं. ते जाराच्या तळाशी पडून राहिलं. छपराचं पाणी ठिबकत होतं तेवढंच. मग पडदा आतून उचलला गेला, एक टोकदार डोकं बाहेर आलं, जबडा उघडला, मिटला. आणि पिल्लू सगळंच्या सगळं बाहेर सरकलं. बोटाएवढं. त्याच्या पाठीवर आईची साखळी जशीच्या तशी होती, एक ठिपका इकडचा तिकडं नाही.

आणि ते फुसफुसलं! या जगात येऊन त्याला चार श्वास झाले नसतील, पण त्यानं आम्हा सगळ्यांना दम दिला.

मग दुसरं. मग तिसरं. नंतर तर झरा फुटावा तशी. मी सगळीकडं शंभर सांगतो. बाई म्हणायच्या, तिशीच्या आसपास. पण तुम्ही तिथं असता, तर तुम्हीही शंभरच म्हणाला असता. त्या जारात मावत नव्हतं असं काहीतरी घडत होतं.

काठी कधी खाली टेकली मला कळलं नाही. तात्या उकिडवे बसले होते, लेकीच्या शेजारी.

"पोटुशी व्हती की गं," ते म्हणाले. मग काठी बाजूला सारून म्हणाले, "आपल्या अण्णाला चावली, ती बी ह्याच दिसांत. ती बी आसंच पोटात घिऊन आली आसंल. त्यो बी नेमका तिच्यावरच पाय..." काकी आत गेली, हळदी-कुंकवाची कोयरी आणि ओंजळभर तांदूळ घेऊन आली. हात होता होईल तेवढा लांब करून तिनं ते तांदूळ जाराच्या झाकणावर ठेवले. पहिलटकरणीची ओटी भरावी तसे.

आणि बाई? बाईंचं नाक जाराला टेकलेलं होतं. हात स्थिर. डोळ्यांतून पाणी चाललेलं, ते पुसायचंही भान नाही. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सर, बघितलंत?"

"बघितलं, बाई."

तेवढ्यात आतून घोणशीनं जाराच्या भिंतीवर थोबाड हाणलं. बाई नेमक्या कशावरून कुठं गेल्या ते मला दिसलं नाही, पण उतरवून घ्यायला शिडी लागली.

शिंप्यांनी वनखात्याला कळवून आई आणि पिल्लं लांब रानात नेऊन सोडली. पुढच्या आठवड्यात सुरेखा सुखरूप बाळंत झाली. मुलगी. आणि लावणीच्या दिवसांत उत्रोलीहून एक टेम्पो आला, तरव्याच्या मुठींनी काठोकाठ भरलेला, पुढच्या सीटवर बाई. त्यांनी साडी खोचली, खाचरात उतरल्या आणि प्रत्येक मूठ चपलेसारखी आपटून, झाडून, मगच पुढं दिली. त्या साली तात्यांच्या भातात एक विंचू निघाला नाही. मी बघितलंय.

बाई निवृत्त झाल्या. मुलाकडं नागपूरला जायचं ठरलं. जायच्या आधी एकदा त्या वाडीत आल्या, तो योगायोगानं तात्यांचा राब भाजायचा दिवस निघाला. मी होतोच. बाई बांधावर छत्री घेऊन, पाय जुळवून उभ्या, आणि माझी दुसरी बाही आता पहिलीएवढी व्हायला लागलेली.

तात्यांनी काडी लगेच लावली नाही. राबाच्या चारी बाजूंनी काठी आपटत फिरले आणि मोठ्यानं हाक दिली, "कोन पोटुशी असंल तर निघा गं बयांनो! येळ हाय अजून!" मग काठी टेकून उभे राहिले, सावकाश तंबाखू मळली, खाल्ली. शेजारच्या खाचरातूनही तशीच हाक ऐकू आली. त्याच्या पलीकडूनही. म्हणजे हे त्या वर्षीचं नव्हतं, घोणशीच्या सालापासून चालत आलेलं होतं. बाईंना ठाऊक नव्हतं. त्या नुसत्या ऐकत राहिल्या.

"बाई, हाय का कोन?" तात्यांनी विचारलं.

बाई वाकून खूप वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुणी नाही. लावा."

धूर वर चढला. बाईंनी डावी चप्पल आपटली, उजवी आपटली, हेल्मेट झाडलं, स्कूटीवर बसल्या आणि भोरच्या दिशेनं निघाल्या. मी बांधावरून बघत होतो. वळणाच्या अलीकडं रस्त्यावर कुणाच्यातरी बैलाचा तुटलेला कासरा पडलेला होता. मी येताना स्वतः ओलांडला होता तो. स्कूटी त्याच्या पुढ्यात येऊन थांबली. बाई हँडल घट्ट धरून तशाच बसून राहिल्या. मागं एक टेम्पो आला, त्यानं भोंगा वाजवला. बाईंनी एक हात वर करून त्यालाही थांबवलं.

कासरा काही हलला नाही. शेवटी स्कूटी रस्ता सोडून, गवतातून, त्याला भलामोठा वळसा घालून गेली. आणि मागून टेम्पोही तसाच गेला.

काय सांगावं, पोटुशी असली तर.